ट्रॉफीच्या आधीचा रणजी

‘रणजी’ हा शब्द तुम्ही आजवर कितीदा उच्चारला असेल? मुंबईने रणजी जिंकली, विदर्भाने रणजी जिंकली, अमक्याने रणजीत डबल सेंच्युरी ठोकली, तमका रणजीत खोऱ्याने धावा ओढतोय तरी सिलेक्टर्स ढुंकून बघत नाहीत. आपल्याकडे रणजी ही स्पर्धा आहे, ‘खेळायची’ गोष्ट आहे आणि चक्क स्त्रीलिंगी आहे. पण त्याआधी रणजी हा एक माणूस होता. सडपातळ, सावळा, रेशमी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून घालणारा. आणि मनगटापाशी बटण लावलेल्या त्या बाहीतून जे काही बाहेर यायचं, ते बघायला इंग्लंडमधली माणसं कामधंदा सोडून मैदानावर जमायची.

आधी एक प्रश्न तुम्हालाच. वेस्ट इंडिजचा शिवनारायण चंद्रपॉल आणि आपला व्ही. व्ही. एस. लक्ष्मण. कसोटीत चंद्रपॉलच्या धावा ११,८६७, लक्ष्मणच्या ८,७८१. तीन हजारांचा फरक, म्हणजे काही किरकोळ नाही. तरीही रात्री एक वाजता मोबाइल चाळताना यांतल्या कुणाचा व्हिडिओ समोर आला की तुमचा अंगठा थांबतो? थांबतो ना लक्ष्मणपाशीच? का थांबतो? धावा दोघांच्याही स्कोअरबोर्डावर सारख्याच लागतात. ऑफ स्टंपच्या बाहेर पडलेला चेंडू मनगट फिरवून मिडविकेटला पाठवला म्हणून चारच्या पाच होत नाहीत. मग आपल्याला नेमकं काय आवडतं?

या प्रश्नाची सुरुवात रणजीपासून करावी लागते. त्याच्या आधी देखणी बॅटिंग नव्हती असं नाही. पण त्याच्या आधी इंग्लंडमध्ये देखण्या बॅटिंगचं एक ठरीव रूप होतं. चांगल्या घरच्या, चांगल्या शाळेतल्या मुलाने पुढचा पाय टाकायचा, बॅट सरळ धरायची आणि ऑफ साइडला ड्राइव्ह मारायचा. सरळ आलेला चेंडू आडवा ओढून लेगला मारणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत हात न धुता बसण्यासारखं. गोलंदाजही त्याच हिशेबाने ऑफ स्टंपवर टाकायचे आणि कॅप्टन ऑफ साइडला माणसं पेरून ठेवायचे. लेगला अर्धं मैदान मोकळं पडलेलं असायचं. तिकडे मारायचं नाही हे सगळ्यांनी जणू ठरवूनच टाकलं होतं.

(एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुढे हा माणूस महाराजा झाला, तेव्हा त्याला अहो-जाहो करायला हवं. पण बॅट हातात घेतलेल्या माणसाला आपण मराठीत ‘तो’च म्हणतो. गावसकरला म्हणतो, सचिनला म्हणतो. रणजीलाही म्हणू.)

काठियावाडातल्या नवानगर संस्थानात सडोदर नावाचं गाव आहे. तिथे १० सप्टेंबर १८७२ रोजी रणजितसिंहजींचा जन्म झाला. घर जाडेजा राजपुतांचं, राजघराण्याशी नात्यातलं, पण शेतीवाडीत रमलेलं. राजवाड्यात जन्मलेला राजकुमार वगैरे काही नाही. नवानगरचे राजे जाम विभाजी यांना वारसाचा प्रश्न पडला होता. एका मुलाला त्यांनी वारसाहक्कातून काढलं, नंतर दत्तक घेतलेला मुलगा वारला, आणि मग १८७८ मध्ये त्यांची निवड या सहा वर्षांच्या पोरावर आली. झालं, शेतकऱ्याच्या घरातलं पोर उद्याचा राजा ठरलं. पण चारच वर्षांत, १८८२ मध्ये, विभाजींना मुलगा झाला आणि रणजीचं राजेपण हवेत विरलं. दत्तकविधान पुरतं झालं होतं की नाही, यावर पुढे पंचवीस वर्षं वाद चालला. १८८४ मध्ये इंग्रज सरकारने त्या नव्या मुलालाच वारस म्हणून मान्यता दिली.

आता या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय बारा. कालपर्यंत तुम्ही युवराज होतात, आज तुम्ही कोणीच नाही. पण शाळा मात्र युवराजांचीच आहे, राजकोटचं राजकुमार कॉलेज, आणि भोवती सगळी खरीखुरी राजपुत्रं. तिथले प्रिन्सिपॉल चेस्टर मॅक्नॉटन यांनी या पोराला क्रिकेटची गोडी लावली आणि १८८८ मध्ये आपल्याबरोबर इंग्लंडला नेलं. केंब्रिजला गेल्यावर रणजीच्या नावामागे लोक ‘प्रिन्स’ लावू लागले. त्याने कुणाला थांबवलं नाही. राहणीही तशीच ठेवली. मित्रांना मेजवान्या, महागड्या भेटी, उंची कपडे. पैसे मात्र नवानगरहून मोजून यायचे. दुकानदारांची देणी थकत गेली, ती पुढे कित्येक वर्षं त्याचा पाठलाग करत राहिली. हे सगळं लक्षात ठेवा, कारण त्याची ‘सहज’ बॅटिंग ज्यांनी पाहिली त्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं.

आणि बॅटिंग सहज होती का? अजिबात नाही! उलट केंब्रिजला आला तेव्हाचा रणजी वेगवान चेंडूला घाबरायचा. म्हणजे चेंडू अंगावर आला की उजवा पाय स्क्वेअर लेगकडे सरकायचा. गल्लीत सीझन बॉलने पहिल्यांदा खेळताना तुमचं-आमचं होतं तेच. त्यावर उपाय म्हणून त्याच्या प्रशिक्षकाने नेटमध्ये त्याचा उजवा पाय जमिनीला जखडून टाकला. पाय हलूच द्यायचा नाही. ही हकीकत त्याच्या प्रत्येक चरित्रात येते. आता गंमत बघा. मागचा पाय खिळलेला आहे, अंगावर चेंडू येतोय, पळता येत नाही. मग शरीर काय करेल? डावा पाय आडवा ऑफ साइडकडे जातो, कंबर वळते, आणि बॅट पायांपुढून खाली येऊन शेवटच्या क्षणी मनगटातून फिरते. चेंडू बॅटला नुसता भेटतो आणि स्वतःच्याच वेगाने फाइन लेगला निघून जातो. हा लेग ग्लान्स. चेंडू लेगला वळवणारे त्याच्या आधीही होऊन गेले. पण थेट मधल्या यष्टीवरचा चेंडू, वेगवान गोलंदाजाचा, रोजच्या रोज असा वळवायचा धंदा कोणी केला नव्हता.

हे नीट समजून घ्यायचं तर उद्या कुणाला तरी चेंडू टाकायला सांगा. (टेनिस बॉलने करा, उगाच दात पडायला नकोत.) मधल्या स्टंपवरचा चेंडू ग्लान्स करून बघा. बॅट लवकर फिरवलीत तर चेंडू वरच्या कडेला लागून हवेत. उशीर झाला तर पॅडवर किंवा दांडी गुल. बॅटचा तोंडवळा थोडा जास्त बंद झाला तरी चुकलं. चांगला वेगवान चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर तुमच्यापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातला बहुतेक वेळ रणजी काहीच करायचा नाही. नुसता बघायचा. बाकीचे फलंदाज चेंडू टप्प्यावर येण्याआधीच काय मारायचं ते ठरवून पाय टाकून बसलेले असायचे. रणजी चेंडूला आणखी जवळ येऊ द्यायचा, आणखी जवळ, प्रेक्षकाला वाटावं की हा आता खेळायचाच विसरला, आणि मग एकदम ते मनगट.

माझ्या मते ‘स्टाइल’ म्हणतात ती ही आहे. मनगट नव्हे, मनगटाआधीचं थांबणं. ज्याच्याकडे वेळ आहे असं आपल्याला वाटतं, तो फलंदाज आपल्याला देखणा वाटतो. विश्वनाथचा स्क्वेअर कट, अझरुद्दीनचा फ्लिक, रोहित शर्माचा पुल. तिघांच्या खेळात सारखं काहीच नाही, फक्त घाई नाही. तुम्हा-आम्हाला जो चेंडू गोळीसारखा येतो असं दिसतं, तो त्यांच्याकडे जाताना जणू वाटेत चहा पिऊन जातो. याला दुसरी बाजूही आहे, ती म्हणजे जोखीम. मधल्या यष्टीवरचा चेंडू ग्लान्स करताना चुकला तर थेट बाद. सरकसवाला दोरीवरून चालतो तेव्हा खाली जाळी असेल तर आपण टाळ्या वाजवतो, जाळी नसेल तर श्वास धरतो. रणजी बिनजाळीचा होता. आणि चेहऱ्यावर मात्र असा भाव, की दोरी कुठे आहे? हा तर रस्ता आहे.

यासाठी त्याने घाम किती गाळला ते ऐका. नेटमध्ये गोलंदाजी करायला त्याने पैसे मोजून व्यावसायिक बोलावले, सरेचे टॉम रिचर्डसन आणि बिल लॉकवूड यांच्यासारखे. म्हणजे त्या काळातले इंग्लंडमधले सगळ्यात वेगवान हात. तासन् तास चेंडू खेळायचे. दिवसाउजेडी इतरांचे सामने सुरू व्हायच्या आधी नेट, नंतर परत नेट. तरी विद्यापीठाच्या संघात जागा मिळायला १८९३ उजाडावं लागलं. काठियावाडातला हा मुलगा आपल्यात बसेल का, ही शंका त्यामागे होतीच. त्या वर्षीचा कॅप्टन स्टॅनली जॅक्सन नुकताच लॉर्ड हॉकच्या संघाबरोबर भारतात खेळून आला होता. इथली माणसं कशी खेळतात ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने रणजीला घेतलं. ऑक्सफर्डविरुद्धच्या सामन्यात रणजीच्या धावा किती? ९ आणि ०. तुम्हाला कॉलेजच्या ट्रायल्समध्ये शून्यावर आऊट झाल्याचं वाईट वाटत असेल तर हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

मग १८९५. डिग्री न घेताच केंब्रिज सुटलं होतं, आणि रणजी ससेक्स कौंटीकडून लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध उतरला. पहिल्या डावात नाबाद ७७, दुसऱ्या डावात १५०. दुसऱ्या दिवसापासून इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांना रणजी हे नाव पाठ झालं.

पुढचं वर्ष ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचं. त्या काळी इंग्लंडचा संघ निवडण्याचा अधिकार ज्या मैदानावर सामना असेल तिथल्या मंडळींकडे असे. पहिली कसोटी लॉर्ड्सवर, म्हणजे निवड एमसीसीची. तिथे लॉर्ड हॅरिस यांचा शब्द मोठा. हे हॅरिस म्हणजे १८९० ते १८९५ मुंबई प्रांताचे गव्हर्नर. हो, तेच. ज्या हॅरिस शील्डमध्ये १९८८ साली सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची भागी केली, त्या शील्डवर नाव यांचंच. रणजी जबरदस्त फॉर्मात होता, तरी लॉर्ड्सच्या संघात त्याचं नाव आलं नाही. इंग्लंडमध्ये न जन्मलेल्याला इंग्लंडकडून कसं खेळवायचं, असा विचार त्यामागे होता, आणि तो हॅरिस यांचा होता असं मानलं जातं. आता गंमत म्हणजे खुद्द हॅरिस यांचा जन्म त्रिनिदादचा! आणि रणजीचा ससेक्समधला कॅप्टन बिली मर्डॉक हा ऑस्ट्रेलियाचा माजी कॅप्टन, तोही इंग्लंडकडून एक कसोटी खेळून चुकलेला. तेव्हा प्रश्न जन्मगावाचा होता की कातडीच्या रंगाचा, ते तुम्हीच ठरवा.

दुसरी कसोटी मँचेस्टरला होती. तिथल्या लँकेशायरवाल्यांनी रणजीला बोलावलं. त्याने अट घातली, आधी ऑस्ट्रेलियाच्या कॅप्टनला विचारा, त्याची हरकत नसेल तरच खेळेन. हॅरी ट्रॉटची कसलीच हरकत नव्हती. १६ जुलै १८९६ रोजी रणजी इंग्लंडकडून मैदानात उतरला.

हा सामना जरा सावकाश बघू. ऑस्ट्रेलिया ४१२. इंग्लंड २३१, त्यात रणजी ६२. फॉलोऑन. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी इंग्लंडचे चार गडी बाद झालेले, रणजी ४१ वर नाबाद. हरणं जवळपास नक्की. तिसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला आणि समोर होता एर्नी जोन्स, छाती-डोक्याच्या रोखाने चेंडू टाकणारा. हेल्मेट सोडा, नीटसे ग्लोव्ह्जही नसलेला तो काळ. एक चेंडू कानाला चाटून गेला, रक्त आलं. ज्या मुलाचा पाय कधीकाळी जमिनीला बांधावा लागला होता, त्याने पाय हलवला नाही. अंगावरचे चेंडू तो कानाजवळून, खांद्याजवळून मागे वळवत राहिला. लंचच्या आधी त्याने ११३ धावा काढल्या. कसोटीत लंचआधीच्या एका सत्रात शंभर धावा त्यापूर्वी कोणीही काढल्या नव्हत्या. डाव संपला तेव्हा इंग्लंड ३०५, रणजी नाबाद १५४. इंग्लंडकडून पदार्पणात शतक करणारा डब्ल्यू. जी. ग्रेसनंतरचा तो दुसराच. सामना इंग्लंड तीन गड्यांनी हरलंच. पण त्या दिवशी मँचेस्टरच्या प्रेक्षकांनी कुणासाठी टाळ्या वाजवल्या ते सांगायला नको.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये होव्हला यॉर्कशायरविरुद्ध त्याने एकाच दिवशी दोन्ही डावांत शतकं केली, १०० आणि नाबाद १२५. एका दिवसात प्रथम श्रेणीची दोन शतकं, हे अजूनही दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. मोसमात २,७८० धावा. ग्रेसचा पंचवीस वर्षांचा विक्रम गेला. १८९९ मध्ये ३,१५९. एका मोसमात तीन हजार त्याआधी कुणीही पाहिल्या नव्हत्या. १९०० मध्ये परत तीन हजारांवर. खेळपट्ट्या कशा? पावसात उघड्या पडणाऱ्या. आकडे एवढे मोठे आहेत की स्टाइलच्या गोष्टीत ते सांगताना थोडं अवघडल्यासारखंच होतं. पण सांगायला हवेत, कारण देखणा खेळणारा म्हणजे तीस-चाळीस करून घरी जाणारा, अशी एक समजूत असते.

आणि तुम्हाला त्याला बघायचंय? बघता येतं! डिसेंबर १८९७ मध्ये रणजी इंग्लंडच्या संघाबरोबर सिडनीला होता, तेव्हा नेटमध्ये खेळताना त्याचं चित्रीकरण झालं. सिनेमाचा शोध लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. क्रिकेटच्या सर्वांत जुन्या चित्रफितींपैकी ती एक. म्हणजे पहिली क्रिकेट ‘रील’ म्हणा हवं तर. मिनिटभराची, मुकी, थरथरणारी. शोधा आणि बघा. पहिल्यांदा बघाल तेव्हा निराश व्हाल. एक बारीक माणूस पुढे येतो, मागे जातो, चेंडू मारतो, बस्स. परत बघा. या वेळी चेंडूकडे नको, त्याच्या पायांकडे आणि डोक्याकडे बघा. पाय केवढे चपळ आहेत, आणि धक्का बसेल असं काहीच अंगाला होत नाही. त्याच दौऱ्यात सिडनीच्या कसोटीआधी तो घशाच्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. पावसाने सामना तीन दिवस पुढे गेला म्हणून उभा तरी राहिला. एरवीपेक्षा खालच्या क्रमांकावर आला आणि १७५ करून गेला. इंग्लंडकडून कसोटीत तोवर कुणीही एवढी धावसंख्या केली नव्हती.

इथे एक खटकणारी गोष्ट. इंग्लंडमधल्या लिहिणाऱ्यांनी त्याचं कौतुक भरभरून केलं, पण ते कसं? हा पूर्वेकडचा जादूगार आहे, याच्या हाडांत काही वेगळं आहे, हे आमच्या मातीतलं नव्हे, अशा थाटाचं. वरवर ऐकायला गोड. पण त्यात ते नेटमधले तास कुठे गेले? बांधलेला पाय कुठे गेला? रिचर्डसन-लॉकवूडला मोजलेले पैसे? ‘जादू’ म्हटलं की मेहनतीचा हिशेब द्यावा लागत नाही. आजही डावखुऱ्या फलंदाजाला आपण जन्मजात देखणा ठरवतो, कुणाच्या मनगटाला हैदराबादी म्हणतो आणि मोकळे होतो. त्याने किती हजार चेंडू खेळून ते कमावलं, हे विचारायचं राहून जातं. अर्थात रणजीलाही ती जादूगाराची प्रतिमा गैरसोयीची नव्हती. प्रिन्स म्हणून ओळख टिकायला तिची मदतच व्हायची.

कारण गादीचा विषय त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. विभाजी १८९५ मध्ये वारले. ऑस्ट्रेलियाहून परतताना रणजी हिंदुस्थानात उतरला आणि १८९८ चा अख्खा इंग्लिश मोसम सोडून इथेच राहिला, संस्थानिकांना भेटत, सरकारकडे अर्ज करत. कारकिर्दीच्या ऐन भरात एक वर्ष! सध्याच्या भाषेत सांगायचं तर आयपीएलचा सगळ्यात महागडा खेळाडू कोर्टाच्या तारखांसाठी सीझन सोडून देतो, तसं. उपयोग काही झाला नाही. परत गेला, ससेक्सचा कॅप्टन झाला, सी. बी. फ्रायबरोबर धावांचे डोंगर रचले. १९०२ मध्ये कसोटी कारकीर्द संपली. १५ सामने, सगळे ऑस्ट्रेलियाविरुद्ध, ९८९ धावा, सरासरी ४४.९५. १९०४ मध्ये तो मायदेशी परतला.

आणि १९०६ च्या ऑगस्टमध्ये नवानगरचा तरुण जाम जसाजी अचानक वारला. मूल नव्हतं. मार्च १९०७ मध्ये रणजी गादीवर बसला. वय चौतीस.

राजा म्हणून तो कसा होता? यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. जामनगरचे रस्ते रुंद केले, बेडी बंदर उभारलं. दुसरीकडे आयर्लंडमध्ये मासेमारीसाठी किल्लेवजा घरही घेतलं, आणि गरीब संस्थानाचा पैसा परदेशात किती जातो यावर टीकाही झाली. हात सढळ होता, केंब्रिजमध्ये होता तसाच. राष्ट्रसंघात हिंदुस्थानचा प्रतिनिधी म्हणून गेला तेव्हा मदतनीस म्हणून बरोबर फ्रायला घेऊन गेला. जुनी जोडी, नवं मैदान.

१९१५ मध्ये युद्धाच्या धामधुमीत यॉर्कशायरमध्ये शिकारीला गेला असता दुसऱ्या कुणाच्या बंदुकीचे छर्रे त्याला लागले आणि उजवा डोळा गेला. ज्याचा सगळा खेळच डोळ्यावर उभा होता, चेंडूला शेवटपर्यंत बघण्यावर, त्याचा डोळा! तरी १९२० मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, देह सुटलेला, हा माणूस ससेक्सकडून पुन्हा तीन सामने खेळला. काही जमलं नाही. एका डोळ्याने बॅटिंग कशी करावी यावर त्याला लिहायचं होतं, असं सांगतात. मला तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात आवडता प्रसंग वाटतो, लंचआधीच्या ११३ पेक्षाही. लोकांनी ज्याला जादूगार म्हटलं तो जाड झालेला, एकाक्ष माणूस परत नेटमध्ये उभा राहतो. चेंडू आता कुठून येतो ते शोधायला.

पण एका प्रश्नावर रणजीला सोडता येत नाही. भारतीय क्रिकेटसाठी त्याने काय केलं? खरं सांगायचं तर फार थोडं. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पुण्यात मैदान राखण्याचं काम करता करता गोलंदाज झालेल्या पळवणकर बाळूने त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. रणजी त्या संघात नव्हता. त्याचा पुतण्या दुलीपसिंहजी, तोही तितकाच देखणा खेळणारा. १९३० मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १७३ केल्या, पण त्या इंग्लंडसाठी. १२ कसोटींत ९९५ धावा, काकापेक्षा तीन कसोटी कमी आणि सहा धावा जास्त! जून १९३२ मध्ये सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली भारत पहिली कसोटी खेळला, त्यातही दुलीप नव्हता. काका-पुतणे इंग्लंडचे क्रिकेटपटू आहेत, हीच रणजीची भूमिका होती. तुम्हाला राग येतो? यायला हरकत नाही. पण तो ज्या वर्षी इंग्लंडकडून खेळू लागला तेव्हा भारताचा संघ नावाची गोष्टच नव्हती, आणि ज्या सरकारच्या मर्जीवर त्याची गादी टिकून होती ते सरकारही इंग्लंडचंच, हेही त्या रागासोबत ठेवा. माझा स्वतःचा राग निम्मा होतो, पूर्ण जात नाही.

२ एप्रिल १९३३ रोजी जामनगरला रणजी गेला. लग्न केलं नव्हतं. गादीवर पुतण्या दिग्विजयसिंहजी आला. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या अनाथ मुलांना ज्यांनी आसरा दिला ते हेच जामसाहेब. तसल्याच पोलिश निर्वासितांची आणखी एक वसाहत आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती.

पुढच्याच वर्षी भारतातल्या प्रांतांसाठी एक स्पर्धा ठरली. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी करंडक दिला आणि त्याला नाव दिलं रणजीचं. पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी चेपॉकला, मद्रास विरुद्ध म्हैसूर. तो एकाच दिवसात संपला. त्या मोसमात करंडक उचलला एल. पी. जयच्या मुंबईने.